मागे वळून

खडीर बेटावर आम्ही दिवसभर पायी हिंडलो, आणि दिवसभर मी मागे वळून बघत होते. गाडी दिसते का, एवढंच. एकीकडे धोलावीराचे दगडी तट, हडप्पाकाळातले पाण्याचे प्रचंड हौद. दुसरीकडे कच्छचं रण, मिठानं पांढरं झालेलं. हे पुढे चालत होते, ज्युरासिक काळातलं दगड झालेलं झाड बघायचं म्हणून. मीही ते बघितलं. पण डोळे मागेच.

गाडीत शेगडी, पाण्याची टाकी, गादी, विदर्भातल्या आमच्या बीबी गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ. सारा संसार. आई असती तर म्हणाली असती, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बदलीवर आलेल्या मास्तरांना, मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगरांना, सगळ्यांना ती हेच म्हणायची. मनात दया असायची. पण ती म्हण मी कायम स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्याच तोंडून ऐकली. चालणाऱ्यानं स्वतःबद्दल म्हटलेली कधी नाही.

आणि विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड असतं का? असतात ती पिल्लं. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. ती तिच्या पाठीवर चढतात, पहिली कात टाकेपर्यंत तिथंच राहतात, मग उतरतात आणि आपापल्या वाटेनं जातात. घर असलंच तर ते दगडाखाली, बिळात. आमची पोरं पुण्याला गेली, त्यानंतर आम्ही ही गाडी घेतली. या दोन गोष्टी मी आजवर एकमेकींना जोडल्या नव्हत्या.

विंचू आमच्याकडे नवलाचा नाही. शेतातला धोंडा उचलायचा तर आधी पायानं हलवायचा, हे लहानपणीच शिकवतात. कोकणातला लाल विंचू मात्र जीव घ्यायचा. त्याच्या विषानं हृदय खचतं, फुप्फुसांत पाणी भरतं. गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावायचे. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे सरकारी नोकरीत गेले, रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर वापरलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी अडते ती दुसऱ्याच गोष्टीशी. नोकरीपायी गेलेला माणूस महाडचाच होऊन राहिला. बिऱ्हाड पाठीवरून कधी उतरतं? ते उतरल्याचं त्या माणसाला कळतं का?

धोलावीराच्या लोकांनी तर पाठीवर काहीच ठेवलं नव्हतं. दोन ओढ्यांचं पाणी अडवलं, दगडात शहर बांधलं. शेवटी तेही सोडून गेले.

कच्छच्या रबाऱ्यांना आमच्याकडे काठेवाडी म्हणतात. पिकं निघाली की त्यांचे उंट आणि मेंढ्या मोकळ्या शेतांत उतरतात. उंटावर खाट, भांडी, वर एखादं लेकरू. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पिढ्या विदर्भातच गेल्यात. म्हणजे मी जिथं हौसेनं गेले, तिथून निघालेली माणसं आमच्या गावाजवळून चालतात. त्यांच्यातली पुढे चालणारी बाई मागे बघताना मी पाहिलेली नाही. तिचं घर तिच्यासोबत चालत असतं. माझं घर चाकांवरचं, तरी मी उतरले की ते एका जागी उभं राहतं आणि मला ओढतं. पण हेही मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बोलते आहे. उन्हातान्हात तांडा हाकणं काय असतं, मला कुठे माहीत?

यांना विचारलं, तुम्हाला गाडीची आठवण आली नाही का हो दिवसभर? तर म्हणाले, तू होतीस ना मागे. ऐकून बरं वाटलं. पण मग मी कुणाच्या भरवशावर चालत होते?

पुढच्या हिवाळ्यात परत निघायचं ठरलंय. घराचा स्लॅब गळतो, त्याचं कामही याच महिन्यात काढलंय. आत्तापर्यंत दोन्ही गोष्टी एकाच संसारातल्या वाटत होत्या. आता गवंड्याला पैसे देताना हात अडतो, आणि गाडीचा विमा भरतानाही.