गाडीच्या पोटातलं पाणी

ताप चढला की आई आपल्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते. थोड्या वेळानं ती कोमट होते. मग आई ती वाटीतल्या पाण्यात बुडवते, पिळते आणि पुन्हा ठेवते. कपाळातली उष्णता पट्टीत आणि पट्टीतली पाण्यात! मोटारीच्या इंजिनाला तर रोजच ताप असतो. त्याची पट्टी कोण बदलत असेल?

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. आणि इंजिनाचे कितीतरी भाग ज्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ते वितळतं ६६० अंशांना! तरी इंजिन वितळत नाही. कारण त्याच्या भिंतींच्या आत पोकळ वाटा ठेवलेल्या असतात आणि त्यांतून एक द्रव सतत फिरत असतो. तो उष्णता उचलतो आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीदार रेडिएटरमध्ये आणून सोडतो. तिथे वारा लागतो, द्रव निवतो, की पुन्हा इंजिनाकडे. या द्रवाला म्हणतात कूलंट.

पहिल्या मोटारींना ही सोय नव्हती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन आपल्या माहेरी निघाल्या. बरोबर १५ आणि १३ वर्षांची दोन मुलं. मानहाइम ते फोर्त्सहाइम हा शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास! त्या गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं. त्यामुळे वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबायचं आणि भरायचं. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या तंत्रज्ञानं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. तेव्हापासून थोडंसंच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं.

तुम्ही म्हणाल, "मग नळाचं पाणी घातलं की झालं!" तुमच्या आजोबांना विचारा. जुन्या अ‍ॅम्बेसिडर, फियाट गाड्यांत बहुतेक जण साधं पाणीच घालत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या नेहमी दिसायच्या. ड्रायव्हर कॅन घेऊन पाणी शोधत हिंडायचे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, त्यातले क्षार किटलीच्या बुडासारखे आत जमतात आणि लोखंडाला गंज चढतो. लेहसारख्या ठिकाणी तर आणखी पंचाईत! तिथे पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो.

म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळतात. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल, तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही आणि उकळतंही उशिरा. शिवाय त्यात गंजाला अडवणारी द्रव्यं घातलेली असतात. ही द्रव्यं मात्र हळूहळू खर्ची पडतात. म्हणून काही वर्षांनी जुनं कूलंट काढून, आतल्या वाटा धुऊन नवं भरावं लागतं. किती वर्षांनी आणि कोणत्या प्रकारचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतं. नुसत्या रंगावर जाऊ नका हं! हिरवं, लाल, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं घालतात. एका रंगाची दोन कूलंट वेगळी असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळणं बरं नव्हे.

आमच्या छोट्या गाडीचं हे काम मी घरीच करतो. गेल्या वेळी मदतीला होती माझी सातवीतली पुतणी. "हात लावायचा नाही, वही सांभाळायची आणि नजर ठेवायची," अशी तिची नेमणूक झाली.

पहिला नियम : इंजिन पूर्ण थंड हवं. आम्ही गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी काम काढलं. रेडिएटरचं झाकण आणि स्वयंपाकघरातला कुकर हे सख्खे भाऊ समजा. कुकरमध्ये वाफ कोंडली, की पाणी १२० अंशांपर्यंत तापूनही उसळत नाही. वाफ जिरण्याआधी आपण कधी झाकण ओढतो का? गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आतला द्रव फवाऱ्यासारखा तोंडावर येतो. घाटात गाडी तापली असताना असे भाजलेले लोक थोडेथोडके नाहीत. म्हणून मोठी माणसं कितीही घाईत असली, तरी तुम्ही त्यांना थांबवायचं. आणखी एक, रेडिएटरमागचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बोटं दूर!

मी हातमोजे घातले, खाली पसरट टब ठेवला आणि रेडिएटरच्या बुडाची तोटी सोडली. बाहेर आलं ते तपकिरी, गढूळ पाणी. भरताना ते हिरवंगार होतं! पुतणीनं मापाच्या बाटलीनं मोजून वहीत लिहिलं : अडीच लिटर.

"पण काका, पुस्तिकेत तर चार लिटर लिहिलंय. दीड लिटर गेलं कुठे?"

छान प्रश्न! ते दीड लिटर इंजिनाच्या वाटांमध्येच अडकून राहतं. म्हणून तर धुवायचं. तोटी बंद करून आम्ही डिस्टिल्ड वॉटर भरलं, म्हणजे ज्यात क्षार नसतात असं पाणी. गाडी मोकळ्या हवेत उभी करून हीटर गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक दरवान असतो. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन तापून मेण वितळलं, फुगलं, की दार उघडतं आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं. ते दार उघडेपर्यंत इंजिन चालवलं नाही, तर आतलं घाण पाणी आतच राहतं. मग इंजिन बंद, पुन्हा थंड होईपर्यंत वाट पाहणं आणि पुन्हा तोटी सोडणं. असं तीन वेळा केलं तेव्हा पाणी स्वच्छ आलं. सकाळचं काम संध्याकाळवर गेलं, पण यात घाई चालतच नाही.

आता एक गणित. वही-पेन्सिल घ्या. एकूण जागा चार लिटर. आत दीड लिटर साधं पाणी अडकलेलं. आपल्याला हवंय निम्मं-निम्मं, म्हणजे दोन लिटर ग्लायकॉलचं दाट कूलंट आणि दोन लिटर पाणी. तर वरून किती पाणी घालायचं? बरोबर, फक्त अर्धा लिटर! दुकानात पाणी मिसळलेलं तयार कूलंटही मिळतं. पण तेच अडीच लिटर ओतलं असतं, तर आतल्या दीड लिटर पाण्यानं ते पातळ झालं असतं. पुतणीनं हे गणित माझ्याआधी सोडवलं, हे इथे प्रामाणिकपणे सांगतो.

भरून झाल्यावर झाकण न लावता थोडा वेळ इंजिन चालवलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर आली, तसा द्रव खाली गेला. इंजिन निवल्यावर तो पुन्हा भरला, झाकण घट्ट लावलं आणि शेजारच्या टाकीत किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मधोमध पातळी आणली.

"झालं काम!" पुतणी म्हणाली.

"अजून नाही," मी म्हटलं आणि टबाकडे बोट दाखवलं. आमच्या गल्लीतला मोत्या शेपटी हलवत तिकडेच निघाला होता. त्याला हाकललं आणि टबावर फळी ठेवली.

मित्रांनो, आता नीट ऐका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते जहाल विष आहे. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं. त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. मांजराचा जीव जायला त्याचा एक चमचासुद्धा पुरतो. मोत्याला काय कळणार? त्याला ते गोड पाणीच वाटलं असतं. आणि धाकट्या भावंडांना? नवं कूलंट तर हुबेहूब सरबतासारखं दिसतं!

म्हणून जुना द्रव आणि धुतलेलं पाणी आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष – पिऊ नये' असं पुतणीनं लिहिलं. कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरायचं नाही. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशीही ओतायचं नाही. सांडलेले थेंब भरपूर पाण्यानं धुऊन पुसून घेतले. कॅन गॅरेजवाल्याकडे पोचवला. तो वापरलेलं तेल आणि कूलंट वेगळं गोळा करतो, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. तुमच्याकडे असा कोणी नसेल, तर हे काम घरी काढूच नका, सरळ गॅरेजमध्ये करून घ्या.

आणि चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर "काही होत नाहीये ना" म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला काही तास फारसं काही जाणवतही नाही. कॅन बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठायचा. जनावरालाही तसंच, ताबडतोब.

तर दोस्तांनो, येत्या रविवारी एक करा. घरी गाडी असेल, तर ती थंड असताना आईला किंवा बाबांना बॉनेट उघडायला सांगा आणि टाकीतल्या खुणांच्या मध्ये पातळी आहे का बघा. झाकणाला हात लावू नका. मग घरातला कूलंटचा डबा शोधा. कुठे ठेवलाय? खालच्या कप्प्यात, धाकट्याच्या हाताशी? त्याला आधी वरच्या फळीवर चढवायला सांगा. पुस्तिका नंतर वाचली तरी चालेल.