घर बदला, गाव नको : हुबळी-धारवाडमधली घरशोधणी

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत हा विषय आज ना उद्या निघतोच. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहूनही लांब, आणि आई-वडील जुन्या मोठ्या घरात दोघंच. आमच्याकडे तो गेल्या वर्षी निघाला. धारवाडच्या माळमड्डीतलं आमचं घर कौलारू, पाच खोल्यांचं, वर माडी, मागे विहीर आणि आंब्याची दोन झाडं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माडी बंदच आहे. बाबा ७६ वर्षांचे. पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही. आम्ही भावंडांनी "पुण्याला चला" म्हटलं, तर आईनं एका वाक्यात निकाल दिला, "घर बदला, गाव नको. पुण्यात मला कोण ओळखतंय?"

म्हणून दिवाळीनंतर चार दिवस आम्ही ही दोन्ही शहरं घर शोधणाऱ्याच्या नजरेनं पाहिली. तुमच्यापैकी अनेकांवर ही वेळ येणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दोन गावं, दोन स्वभाव

हुबळी आणि धारवाड यांच्यात जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर. १९६२ पासून दोघांची महापालिका एक झाली, पण स्वभाव वेगळेच राहिले. हुबळी व्यापाराची आणि रेल्वेची. दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय इथेच, आणि जगातला सर्वांत लांब, १५०७ मीटरचा प्लॅटफॉर्मही इथलाच. मुलांना गाडीनं किंवा विमानानं यायला हुबळी सोयीची. विद्यानगर, देशपांडेनगर, केशवापूर या भागांत दवाखाने, दुकानं, बँका हाताशी आहेत. मात्र गर्दी आणि धूळही तितकीच.

धारवाड शिक्षणाचं गाव. कर्नाटक कॉलेज १९१७ सालचं, पुढे विद्यापीठ आलं, कृषी विद्यापीठ आलं, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, आयआयटी आली. मलनाड जिथे संपतो आणि पठार जिथे सुरू होतं, त्या सीमेवर हे वसलंय. त्यामुळे इथला पाऊस झिमझिम, दिवसदिवस चालणारा. झाडी भरपूर, संध्याकाळी हवा गार. बाबांचं मन इथेच अडकलेलं.

मधल्या पट्ट्यात नवनगर, रायापूर, पेरूंसाठी प्रसिद्ध असलेलं नवलूर, सत्तूर. इथे जागा मोकळी आणि नव्या वसाहती बऱ्याच. तरुण जोडप्यांना हा पट्टा मानवेल. पण दुपारी तीन वाजता आम्ही एका वसाहतीत उभे होतो, तेव्हा अर्ध्या तासात रस्त्यावर एकही माणूस दिसला नाही. आई म्हणाली, "इथे मी पडले तर कळायचं कुणाला?" त्या प्रश्नापुढे मोठी बाल्कनी फिकी पडली.

मोठ्यांची घरं

फिरता फिरता साधनकेरीला गेलो. तळ्याकाठी द. रा. बेंद्र्यांचं घर आहे. कन्नडचे हे महाकवी घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबातले, आणि त्यांनी मराठीतही लिहिलं. मल्लिकार्जुन मन्सुरांचं 'मृत्युंजय' धारवाडातच, तर गंगूबाई हनगलांचं घर हुबळीच्या देशपांडेनगरात.

आणि आपले जी. ए. कुलकर्णी. जेएसएस कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं धारवाडात काढली आणि अखेरच्या काळात ते पुण्याला गेले. तिथेच १९८७ साली त्यांचं निधन झालं. बाबांनी नेमका हाच दाखला काढला, "बघ, जी.एं.नाही शेवटी पुणं गाठावं लागलं." आई लगेच, "ते एकटे होते. मला इथे शेजार आहे."

हसण्यावारी गेलं, पण घर निवडताना आम्ही ज्याला नाव देत नव्हतो ती गोष्ट हीच होती. म्हातारपणी खोल्या कमी चालतात, ओळखीची माणसं कमी चालत नाहीत.

पाणी, पाया, पायऱ्या

या शहरांत घर बघताना पहिला प्रश्न पाण्याचा. मलप्रभेच्या धरणातून आणि नीरसागर तलावातून पाणी येतं. २००८ मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, पण अनेक भागांत आजही काही दिवसांआडच नळ येतो. "नीरु बंतेन्री?" हा इथला खरा नमस्कार! म्हणून एजंटला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा. जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअर मार्च-एप्रिलमध्ये चालतं का, मोटर कोण सुरू करतं, हे त्याच सांगतात.

दुसरा प्रश्न पायाचा. हुबळीच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरके तडे जातात. नुकताच रंग दिलेला असेल तर दारा-खिडक्यांचे कोपरे निरखून पाहा. मार्च २०१९ मध्ये धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि १९ जण गेले. त्यानंतर इथला कुणीही शहाणा माणूस बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे देत नाही.

तिसरा प्रश्न पायऱ्यांचा. लिफ्ट असणं पुरेसं नाही, वीज गेल्यावर ती चालते का ते विचारा. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत तेही मोजा. एका छान फ्लॅटची लिफ्ट सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होत होती!

आणि बस. दोन्ही शहरांना जोडणारी 'चिगरी' बस स्वतंत्र मार्गिकेतून धावते. चिगरी म्हणजे हरीण. सत्तूरचं एसडीएम हॉस्पिटल आणि हुबळीचं किम्स, दोन्हींसमोर तिचे थांबे आहेत. मात्र थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यानं अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. ओलांडायला सिग्नल आहे का, हे आईला बरोबर घेऊनच पाहायला हवं.

कागद कन्नडमध्ये

तरुण वाचकांनो, हा भाग खास तुमच्यासाठी. महाराष्ट्रातले शब्द इथे चालत नाहीत. शहरातल्या मिळकतीला ई-खाता लागतो. बोजा आहे का ते कळायला ईसी काढावी लागते, तीही बरीच मागच्या वर्षांपासूनची. प्लॉट असेल तर लेआउट नगरविकास प्राधिकरणानं मंजूर केलेला आहे का ते पाहा. कागद कन्नडमध्ये असतात. तुमच्या आजोबांना ते वाचता येत होते, कदाचित तुम्हाला येत नसतील. अशा वेळी विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे, तर आपण निवडलेला वकील गाठा आणि प्रत्येक पानाचा अर्थ तोंडी समजून घ्या.

शेवटी काय ठरलं

आमच्या यादीत तीन घरं उरली होती. विद्यानगरचा फ्लॅट दवाखान्याजवळ होता, पण तिसऱ्या मजल्यावर. नवनगरचं घर सुंदर, पण सुनसान. तिसरं धारवाडच्या विद्यागिरीतलं, जेएसएस कॉलेजच्या परिसरात, तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चिगरीचा थांबा चालत सात मिनिटांवर, भाजीवाली कोपऱ्यावर. तिथे आम्ही एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीला गेलो. दुसऱ्या खेपेला शेजारच्या अव्वांनी आईला ओट्यावर बसवून घेतलं आणि दोघींचं अर्धं कन्नड, अर्धं मराठी सुरू झालं. तेव्हाच घर ठरलं.

मग सामानाची वाटणी. तांब्याचा बंब भाचीला, शिसवी कपाट वाचनालयाला, झोपाळा नव्या घरात. विहीर नेता येत नाही, हे बाबांना पचायला सगळ्यात जड गेलं. नव्या अंगणात त्यांनी आंब्याच्या दोन कोयी लावल्यात. फळं कोण खाणार, असं विचारलं तर म्हणतात, "सुट्टीत तुमची पोरं येतील ना!"