सुप्याच्या पाण्यावरून

बेळगावच्या दक्षिण अंगाला वसलेल्या आमच्या अनगोळला नाव घ्यावे अशी नदी नाही. मात्र येथून खानापूरच्या रोखाने निघाले की थोड्याच अंतरात नद्यांचे माहेर लागते. कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यातून म्हादई पश्चिमेस गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रास मिळते. जरा दक्षिणेस, जोयडा तालुक्याच्या रानातून काळी नदी निघते आणि १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी सागरात विसावते. एकाच आषाढाचे पाणी, पण डोंगराच्या कोणत्या अंगाला पडले यावर त्याचे भाग्य ठरते. यांपैकी काळी नदीच्या खळाळत्या पाण्यातून आम्ही गेल्या माघात होडीने प्रवास केला. त्याची हकीकत, आणि त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मूळ बेत हिमालयाचा होता. आमचा पुतण्या ऋषिकेशला जाऊन गंगेच्या प्रवाहात राफ्टमधून फिरून आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नाही. हिमालयातील नद्या म्हणजे या खेळाचे मोठे दैवत. १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून उगमाच्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध, जेट बोटींतून मोहीम काढली. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांच्या बोटी अडविल्या आणि पुढची वाट पायी चालावी लागली. आज लडाखात झंस्कार नदीच्या उभ्या कड्यांमधून तरुण मंडळी निमूपर्यंत, जेथे ती सिंधूला मिळते तेथवर, होड्या हाकीत येतात. परंतु आम्हां उभयतांची वये आणि गुडघे ध्यानात घेता एवढी मजल मारण्यापेक्षा घराजवळची नदी बरी, असे ठरले. पुतण्याने, त्याच्या धाकट्या बहिणीने आणि आम्ही दोघांनी मिळून काळीवरील गणेशगुडीला जायचे निश्चित केले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींचे आजोळ सुप्याचे. आज नकाशात सुपा या नावाचे धरण सापडते. त्या नावाचे जुने गाव सापडत नाही, कारण ते धरणाच्या पाण्याखाली आहे. एके काळी तालुक्याचे नाव सुपा होते. पुढे कचेऱ्या जोयड्याला हलल्या आणि धरणामुळे उठलेल्यांपैकी पुष्कळांची वस्ती रामनगरला झाली. सौ.च्या मावशी तेथेच असतात. तेव्हा वाटेत त्यांच्याकडे उतरणे ओघानेच आले.

अनगोळहून भल्या पहाटे निघून खानापूर, लोंढा करीत आम्ही रामनगरला पोहोचलो. मावशींनी शिरा-चहा केला, सर्वांची विचारपूस केली आणि कोठे निघालात म्हणून विचारले. पुतण्याने मोठ्या उत्साहाने राफ्ट, लाटा, हेल्मेट सारे वर्णन करून सांगितले. मावशी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “जावईबापू, मौजेला निघालात, जा. मी आडवी येत नाही. पण ते पाणी माझ्या अंगणावरून येतं, एवढं या पोरांना सांगा.” आणि आत जाऊन त्यांनी एक नारळ आणून सौ.च्या हाती दिला. “माझ्या नावानं सोड गं पोरी.” सौ.ने तो पदरात घेतला. त्यानंतर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

जगलबेटहून पुढे रान दाट होत जाते. हा सारा मुलूख व्याघ्र प्रकल्पाचा. २००७ साली दांडेली-अणशी या नावाने तो स्थापन झाला आणि २०१५ साली नदीवरूनच त्याला काळी हे नाव मिळाले. मोठ्या चोचीचे धनेश पक्षी येथे उंच झाडांवरून पंखांचा घोष करीत जातात. दोन आम्हालाही दिसले. आणि मग गणेशगुडीपाशी सुपा धरणाची भिंत डोळ्यांपुढे उभी राहिली. नदीच्या तळापासून १०१ मीटर उंच! १९८७ साली हे बांधकाम पूर्ण झाले. भिंतीच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन संच असलेले वीजघर आहे. त्यातून सुटलेले पाणी खाली बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात जमते, तेथून नागझरीच्या मोठ्या वीजघरात उतरते, आणि पुढे कोडसळ्ळी व कद्रा ही आणखी दोन धरणे त्याला अडवून पुन्हा कामाला लावतात. कद्र्याच्या काठी तर कैगा अणुवीज केंद्र आहे. थोडक्यात, काळीचे पाणी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेकदा चाकरी करते.

राफ्टच्या खेळाचे सारे गणित या वीजघरावर अवलंबून आहे, हे आम्हांस तेथे गेल्यावर नीट उमगले. हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी येते. ऊन जसे तापते तशी गंगा भरते, आणि पावसाळ्यात ती इतकी माजते की ऋषिकेशला होड्या बंद ठेवाव्या लागतात. सह्याद्रीच्या नद्यांना हिमाचा आधार नाही. पावसाळ्याचे चार महिने त्या उफाळतात आणि माघ-फाल्गुनात गोटे दाखवू लागतात. मग भर माघात काळीला एवढे पाणी कोठून? तर मागच्या पावसाळ्याचे साठविलेले! वीजघराचे संच फिरू लागले की पाणी सुटते, आणि पाणी सुटले की होड्या निघतात. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा पात्रात खडक उघडे पडलेले आणि मधूनमधून निवांत डोह होते. तासाभराने दूरवर बारीक सळसळ ऐकू आली. पाहता पाहता एकेक खडक बुडू लागला, पाण्याचा रंग बदलला आणि निजलेली नदी उठून चालू लागली.

होडी म्हणजे हवा भरलेल्या जाड नळ्यांची. तळाशी अशी योजना असते की आत आलेले पाणी आपोआप बाहेर निघून जावे. प्रत्येकास लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि एकेक वल्हे मिळाले. नावाडी तिशीतला, त्याच तालुक्यातला. त्याने प्रथम काठावर बसवून पाठ पढविला: “पुढे” म्हटले की सर्वांनी एकदम पुढे वल्हवायचे, “मागे” म्हटले की उलटे, “खाली” म्हटले की होडीच्या तळाशी बसून दोर धरायचा. पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, कारण पाय दोन दगडांत अडकला तर प्रवाह माणसास पुढे ढकलून बुडवितो. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला वर ठेवून तरंगत राहावे आणि फेकलेला दोर धरावा. हा पाठ त्याने दोनदा म्हणून घेतला. आम्हांस त्याची ही शिस्त फार आवडली. सौ. अर्ध्या वाटेवरून परत फिरतील अशी आमची अटकळ होती. पण त्यांनी पदर खोचला, जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले आणि त्या सर्वांच्या आधी होडीत जाऊन बसल्या.

खळाळत्या पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. पहिली म्हणजे नुसती लहर आणि सहावी म्हणजे जिवाशी गाठ. काळीवरील हा टापू दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा धरतात. कागदावर हे सौम्य वाटते. पहिल्याच उतारावर लाट छातीवर आदळली तेव्हा आमचे मत बदलले. समुद्राची लाट पुढे सरकते आणि पाणी जवळपास जागीच राहते. नदीत नेमके उलटे, पाणी धावत असते आणि लाट एका ठिकाणी उभी असते. बुडालेल्या खडकावरून पाणी कोसळले की त्याच्या पाठीमागे ते उलटे गुंडाळून येते, आणि तेथे होडी सापडली तर अडकून बसते. मोठ्या खडकाच्या आडोशाला मात्र प्रवाह शांतपणे मागे फिरतो. नावाडी नेमके अशा ठिकाणी होडी घालून आम्हांस दम घेऊ देत होता. खळाळ म्हणजे नुसता गोंधळ, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात त्याला व्याकरण आहे, आणि चांगला नावाडी ते वाचतो.

आमच्या पुढे एक तरुण कयाकमध्ये एकटाच चालला होता. ही चिंचोळी होडी मूळ उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची. ते सीलच्या कातड्याने ती मढवीत आणि शिकारीला जात. होडी उलटली तरी कमरेच्या एका हिसक्याने पुन्हा सरळ व्हायची युक्तीही त्यांचीच. त्या तरुणाने ती आमच्यासमोर करून दाखविली. तो पाण्याखाली गेला आणि वर येईपर्यंत सौ.चा श्वास अडकला होता. कोणी पाण्यात पडले तर प्रथम त्याच्यापर्यंत पोहोचणे हेच त्याचे काम.

दोन खळाळांच्या मध्ये एक लांब डोह लागला. दोन्ही काठांची झाडे पाण्यावर वाकलेली, वल्ह्यांवरून थेंब गळण्याचा तेवढा आवाज. येथे सौ.नी नारळ बाहेर काढला. नावाड्याने न सांगता वल्हे थांबविले. त्यांनी हात जोडले आणि नारळ पाण्यावर सोडला. धाकट्या पुतणीने विचारले, “काकू, आजीचं घर नक्की कुठं होतं?” सौ.नी मागे, धरणाच्या दिशेला, हात केला. “त्या भिंतीच्या पलीकडे. खाली.” थोडा वेळ गेल्यावर नावाडी म्हणाला, “आमचं शेतही तिकडेच होतं, काकी. आजोबा सांगत.” मग त्याने वल्हे उचलले, कारण पुढच्या वळणावर पाणी पुन्हा गर्जू लागले होते.

परत आल्यावर आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. ही एकट्या सुप्याची कथा नव्हे. महाराष्ट्रात कोलाडला कुंडलिका नदीवर पुण्या-मुंबईची माणसे राफ्टमधून जातात. ते पाणी मुळात कुंडलिकेचे नाही, ते मुळशीचे. मुळा नदीवाटे भीमा-कृष्णेत जाऊन पूर्व समुद्रास मिळावयाचे पाणी मुळशीला धरण बांधून अडविले, घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले आणि पश्चिमेकडे वळविले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्याआधी, १९२१ ते १९२४ या काळात, जमिनी वाचविण्यासाठी मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह केला होता. आपल्या देशातील धरणविरोधी लढ्यांत त्याचे स्थान अगदी आरंभीचे. कोलाडला होडीत बसणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगत असेल? आणि हिमालयाचे तरी काय? पुतण्या ज्या गंगेतून फिरला तिला देवप्रयागला भागीरथी मिळते, आणि भागीरथीच्या वरच्या अंगाला टिहरीचे धरण आहे. २००५ साली जुने टिहरी शहर त्याखाली बुडू लागले.

आम्ही विजेच्या दिव्याखाली बसून हे लिहीत आहोत. तेव्हा धरणांना नावे ठेवण्याचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. पण ऋण घेतले की सावकाराचे नाव ठाऊक असावे, ही आपली जुनी रीत आहे.

आमच्याच जिल्ह्यात उगम पावणारी म्हादई मात्र अजून पावसाच्या तालावर चालते. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला, पावसाळ्यात तिच्यावरही राफ्ट सोडतात; तेथे वीजघराची वाट पाहावी लागत नाही, ढगांची पाहावी लागते. तिच्या कळसा आणि बंडुरी या ओढ्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवावे, हुबळी-धारवाडची तहान भागवावी, अशी कर्नाटकाची मागणी. नदी आटेल, अशी गोव्याची भीती. २०१० साली लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याचा निवाडा आला, आणि त्यावरील दावे सर्वोच्च न्यायालयात गेले. आम्ही दोन भाषांच्या आणि तीन राज्यांच्या सांध्यावर राहणारी माणसे. आमचे नातेवाईक वाळपईला आहेत आणि धारवाडलाही. नळाला पाणी नसलेल्या बहिणीला काय सांगावे आणि नदी आटेल म्हणून काळजी करणाऱ्या भावाला काय सांगावे, याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. एवढे मात्र खरे की नदीचा निकाल करणाऱ्याने आणि तो मागणाऱ्याने एकदा तरी तिच्या अंगावरून, तिच्या वेगाने जाऊन पाहावे.

ज्या कुटुंबांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पावसाळा संपल्यावर जावे. निघण्यापूर्वी त्या दिवशी पाणी सुटणार आहे का, याची चौकशी करावी. नेमून दिलेल्याहून अधिक माणसे भरणाऱ्या होडीत पाऊल ठेवू नये. पाठ न पढविता निघणाऱ्या नावाड्याबरोबर तर मुळीच जाऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी काठावरूनच मौज पाहावी. आणि रामनगरच्या वाटेने गेलात तर घटकाभर तेथे थांबावे. चहाच्या दुकानात पन्नाशी उलटलेल्या कोणालाही जुन्या सुप्याबद्दल विचारावे. बाजार कोठे भरे, जत्रा कशी होई, नदीला उतार कोठे होता, हे ते सांगतील. पुस्तकांत सापडावयाचे नाही असे ते वर्णन आहे, आणि ते सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. आमच्या पुतण्याने आता मावशींच्या तोंडून ऐकून जुन्या गावाचा नकाशा वहीत काढावयास घेतला आहे. मारुतीचे देऊळ आणि शाळा यांच्यामधली एक गल्ली अजून जुळत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा रामनगरला जावे लागणार आहे.