काळ्या पाषाणावरचं पाणी

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या आसपासचे धबधबे मोबाइलवरून घरोघरी पोचतात. म्हैसमाळ, गौताळा, वेरूळ, अजिंठा. ठिकाण कुठलंही असो, डोंगर हिरवागार आणि मधे पांढरी धार. या फोटोंत पाऊस दिसतो, हिरवळ दिसते, पाणी मात्र फारसं दिसत नाही. माझं म्हणणं असं की आपल्या भागातलं पाणी पाहायचं तर कॅमेरा हात-दीड हातावर न्यावा, फोटो कृष्णधवल काढावा आणि प्रिंट पोस्टकार्डाएवढीच ठेवावी. यात माझी आवड आहेच, पण त्याहून मोठा आधार पाण्याच्या आणि आपल्या दगडाच्या स्वभावात आहे.

वीतभर खोल नितळ पाण्याला स्वतःचा रंग नसल्यातच जमा. त्यात दिसतो तो तळाचा दगड आणि वरचं आभाळ. सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के उजेड परततो, म्हणून तळ दिसतो. नजर तिरपी होत गेली की परतणारा उजेड वाढतो आणि तळ झाकून आभाळ पुढे येतं. म्हणजे पाण्याचा फोटो मुळात उजेड-अंधाराच्या वाटपाचा असतो. त्यात आपला बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड कोरडा असताना करडा, धुळकट दिसतो. पाण्याचा पातळ थर बसला की जवळजवळ काळा होतो, कारण एरवी चहूकडे विखुरणारा उजेड आता दगडात अधिक जिरतो. वेरूळला २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारी सीतेच्या न्हाणीत कोसळणारी धार सगळेच टिपतात. पण अशा धारेच्या बाजूला कातळावर पाझरणारा ओघळ पाहावा. ओलीची कड तुटक असते, दगडाच्या बारीक छिद्रांत थेंब अडकलेले असतात आणि प्रत्येक थेंबात आभाळाचा एक पांढरा ठिपका असतो. आपल्या बेसाल्टात जागोजागी झिओलाइटचे पांढरे स्फटिकही आढळतात. स्फटिकाचा पांढरा मऊ, थेंबाचा लखलखीत. हे दोन पांढरे प्रिंटमध्ये वेगळे राखणं हीच या कामाची कसोटी. रंगीत फोटोत शेवाळाचा हिरवा आधी डोळा ओढून घेतो आणि हा बारीक फरक मागे पडतो.

लहान प्रिंटला परंपराही आहे. अमेरिकी छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिगलिट्झने १९२२ पासून ढगांचे फोटो काढले. त्यातली ‘इक्विव्हॅलंट्स’ मालिका साधारण चार बाय पाच इंचांची आहे. आपल्याकडे मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याची चित्रं उतरवायला आले आणि पुढे कॅमेऱ्याकडे वळले. त्यांचे स्टिरिओस्कोपिक फोटो १८६४ साली पुस्तकरूपाने आले. तेही डोळ्याजवळ धरून पाहायचे. छोटं चित्र पाहणाऱ्याला जवळ बोलावतं. थेंब भिंतभर मोठा केला की त्याचं मूळ मापच हरवतं, आणि या पाण्याची खरी गोष्ट त्याच्या मापात आहे.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ओघळाचं सौंदर्य टिपणं हा चैनीचा उद्योग नाही का? मला उलट वाटतं. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. जायकवाडी धरणाचा भरलेला नाथसागर जलाशय पाहिला की पाणी मुबलक आहे असा समज होतो. कातळाच्या भेगेतून झिरपणारं पाणी मात्र किती थोडं आहे आणि कुठून येतं, हे जवळच्या फोटोत लपत नाही. दुसरा आक्षेप असा की रंग काढून टाकणं म्हणजे वास्तव झाकणं. एका बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे. शहरातल्या खाम नदीतल्या सांडपाण्याचा पुरावा द्यायचा असेल तर रंगच हवा. तिथे कृष्णधवल फोटो गढूळपणा सुंदर करून टाकील. मी बोलतोय ते नितळ, उथळ पाण्याबद्दल, जिथे रंग मुख्यतः आजूबाजूचा असतो. तिसरा आक्षेप मोबाइलचा: रंगीत फोटो काढून नंतर फिल्टर लावला तर काय बिघडलं? नंतर रंग काढल्याने चौकट बदलत नाही; ती रंगाला भुलूनच निवडलेली असते. त्यापेक्षा कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड आधीच लावावा आणि उजेड बघून चौकट ठरवावी. वाहतं पाणी दुधासारखं गुळगुळीत करणारा लांब शटरही जपून वापरावा. सेकंदभराच्या शटरमध्ये धार धुक्यात विरते. एक-पंचशतांश सेकंदात ती कुठे तुटते, दगडाच्या कोणत्या उंचवट्याला वळसा घालते, हे कळतं.

जायकवाडीसारख्या धरणाची पातळी रोज मोजली जाते, छापली जाते. डोंगरातल्या झऱ्याची, कुंडाची, बारवेच्या शेवटच्या पायरीवरच्या ओलीची अशी नोंद क्वचितच होते. एकाच झऱ्याचा, एकाच जागेवरून, दर पंधरवड्याला काढलेला छोटा कृष्णधवल फोटो ती नोंद करू शकतो. ओला दगड काळा आणि सुका करडा, इतका स्पष्ट फरक असल्याने पाणी किती मागे हटलं ते कुणालाही वाचता येईल. कलेचं आणि नोंदीचं काम एकाच चित्रात साधण्याची ही संधी आपल्या काळ्या पाषाणाने दिली आहे. मराठवाड्यातल्या फोटोग्राफरांनी ती घ्यायलाच हवी.