आश्वास

लांब गोष्ट एका बैठकीत संपत नाही. तिचे भाग पाडावे लागतात, आणि भाग पाडले की त्यांना नाव द्यावं लागतं. ही नावं आपल्याकडच्या कवींनी कुठून कुठून उचलली ते पाहत बसलं की दुपार कशी सरते कळत नाही. महाभारताची अठरा पर्वं. पर्व म्हणजे उसाची, बांबूची गाठ. बोटाचं पेर म्हणतो तो मराठी शब्द त्याच घरचा. रामायणाची सात कांडं. दोन गाठींमधला देठाचा भाग म्हणजे कांड, आपलं उसाचं कांडं. भागवताचे बारा स्कंध, म्हणजे फांद्या फुटतात ती खोडं. सोमदेवाच्या कथासरित्सागरात नावाला साजेसे तरंग. शेतातून, रानातून, पाण्यावरून वेचलेले हे शब्द. पण या सगळ्यांत मला ज्याचा लळा लागला तो शब्द शेतातलाही नाही आणि पाण्यावरचाही नाही. तो माणसाच्या छातीतला आहे, आणि आमच्या नागपूरच्या मातीशी त्याचं फार जुनं नातं आहे. तो शब्द म्हणजे आश्वास.

नागपूरहून रामटेकला जावं, गड चढावा आणि वरून दक्षिणेकडच्या सपाटीवर नजर टाकावी. तिथे नगरधन आहे. आज गाव, शेतं आणि एक जुना कोट. पंधराशे वर्षांपूर्वी हे नंदिवर्धन होतं, वाकाटक राजघराण्याची राजधानी. चंद्रगुप्त विक्रमादित्याची लेक प्रभावती गुप्ता इथली राणी. नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात गादीवर आला. वाकाटकांचे ताम्रपट वाचण्यात, जुळवण्यात आमच्या म. म. वासुदेव विष्णू मिराशींनी आयुष्य वेचलं. त्या लेखांचा त्यांचा संग्रह 1963 साली निघाला आणि विदर्भाला आपला हरवलेला काळ परत मिळाला. या प्रवरसेनाच्या नावावर परंपरेनं एक महाकाव्य ठेवलं आहे: सेतुबंध. भाषा संस्कृत नाही, महाराष्ट्री प्राकृत आहे. आपल्या मराठीची पूर्वज. काव्यशास्त्रकार दंडीनं महाराष्ट्राच्या भाषेला उत्तम प्राकृत म्हटलं तेव्हा दाखला दिला तो सेतुबंधाचाच. सातव्या शतकातल्या बाणभट्टानं हर्षचरिताच्या आरंभी या काव्याची थोरवी गायली.

सेतुबंधाचे भाग पंधरा, आणि त्यातल्या प्रत्येक भागाचं नाव आश्वास. पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथानं साहित्यदर्पणात नियमच लिहून ठेवला: संस्कृत महाकाव्यात सर्ग असतात, प्राकृतात आश्वास. नंतर तेलुगू आणि कन्नड कवींनीही हा शब्द आपलासा केला. कन्नड कवी पंपाचं भारत आश्वासांमध्येच उलगडतं. बाणानं स्वतःच्या हर्षचरिताचे आठ भाग केले त्यांना उच्छ्वास म्हटलं. तेही श्वासाचंच नाव, ज्याचा मराठीत उसासा झाला. पण उच्छ्वासात श्वास वर, बाहेर जातो. आश्वासात तो परत येतो. दमलेल्याला पुन्हा दम मिळणं, घाबरलेल्याला धीर येणं, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपण रोज वापरतो ते आश्वासन इथूनच आलं.

म्हणजे एकाच शब्दात तीन गोष्टी राहतात: घेतलेला श्वास, दिलेला धीर आणि गोष्टीचा एक भाग. आधी मला वाटे, हा शब्दकोशातला योगायोग असेल. मग सेतुबंधाची कथा त्या दृष्टीनं पाहिली. सीतेचा ठाव लागला आहे, शरद ऋतू उजाडला आहे, वानरसेना दक्षिणेकडे निघते आणि समुद्रापाशी येऊन थबकते. समोर पाणीच पाणी. पर्वत उपटणाऱ्या त्या वीरांच्या अंगातलं बळ तिथे गळून जातं. मग सुग्रीव बोलतो, त्यांना धीर देतो. पुढे रामाच्या बाणानं समुद्र तापतो, शरण येतो, नल सेतू बांधतो. त्याही पुढे लंकेत सीतेपुढे रामाचं मायावी मस्तक आणून ठेवतात. ती कोसळते, शुद्धीवर येते, पुन्हा कोसळते, आणि त्रिजटा तिला सावरते. सगळं काव्यच दम हरवलेल्यांना दम परत देण्याचं आहे. ज्या कवीच्या कथेत पदोपदी कुणीतरी कुणाला आश्वस्त करतं, त्याच्या कथेच्या भागांना याहून खरं नाव मिळालं नसतं.

आणखी एक गोष्ट मला या काव्याच्या प्रेमात पाडते. त्याच्या प्रत्येक आश्वासाच्या शेवटच्या पद्यात अनुराग हा शब्द येतो. शब्द तोच, प्रसंग निराळा. संस्कृत कवी भारवीनं आपल्या सर्गांच्या शेवटी लक्ष्मी हा शब्द ठेवला, माघानं श्री ठेवला. वैभवाचे शब्द आहेत ते. नंदिवर्धनच्या कवीनं प्रेम ठेवलं. पुढचा भाग येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या कानात काय उरावं, याचा त्यानं केलेला हा विचार आहे. भाग कुठे तोडावा हे पुष्कळांना साधतं. तोडलेल्या जागी काय ठेवून जावं हे फार थोड्यांना.

हे जाणणारा दुसरा कवी मला लहानपणी आजीच्या आवाजात भेटला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी चातुर्मासात पोथी लागत असे. श्रीधरांचा हरिविजय, छत्तीस अध्याय, 1702 साली पंढरपुरात पुरा झालेला. दिवेलागणीनंतर गल्लीतल्या बाया जमत. अध्याय संपताना श्रीधर त्या अध्यायालाच गोड म्हणतात आणि आजीही ते शब्द जरा लांबवून म्हणे. कालियाच्या डोहात कृष्णानं उडी घेतली आणि पोथी मिटली, तेव्हा मी रडवेली झाले होते. "आजी, अजून थोडं वाच ना!" आजीच्या आधी शेजारच्या काकू बोलल्या, "अवं बाई, उद्याले काही ठेवशील का नाही?" त्या रात्री डोह माझ्या उशाशी होता. कृष्ण बुडणार नाही हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी तो वर येण्याची वाट मी रात्रभर पाहिली. त्या एका रात्रीत मी स्वतःशी जेवढा हरिविजय रचला, तेवढा पोथीतही नव्हता. दोन अध्यायांच्या मधला वेळ ऐकणाऱ्याच्या मालकीचा असतो, हे मला तिथे कळलं.

गोष्टीचे भाग पाडण्याची सर्वांत कठोर रीत मात्र भागवताची. परीक्षिताला शाप आहे: सातव्या दिवशी तक्षक डसणार. उरलेल्या दिवसांत शुकमुनी त्याला कथा सांगतात. ज्याचे दिवस मोजलेले आहेत त्यालाही कथा घाईनं सांगितली जात नाही. आजही नागपुरात मांडव पडतो आणि भागवत सप्ताह बसतो, तेव्हा कथेचे भाग त्या सात दिवसांच्या मापानं पडतात. सप्ताह या शब्दाचं फारसी भावंड म्हणजे हप्ता; तिथे सप्तचं हफ्त झालं, इतकंच. आमच्या शहराच्या हिंदीत हप्ता म्हणजे आठवडा, आणि मराठीत हप्ता म्हणजे फेडायच्या रकमेचा भाग. सात दिवसांनी देणं चुकवायचं, म्हणून देण्यालाच ते नाव पडलं असावं. गोष्ट भागाभागानं सांगणाराही काही देणं लागतोच. आज थांबतो तेव्हा तो उद्याचं देणं अंगावर घेतो.

छापखाना आला आणि हे देणं संपादकांकडे गेलं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली पुण्यात करमणूक साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी भागाभागानं लिहिली. तिची नायिका यमू, तिचं दुःख वाचकांच्या घरात एकदम शिरलं नाही. ते आठवड्या-आठवड्यानं आलं, आणि मधल्या दिवसांत वाचणाऱ्यांना आपल्या घरातल्या यमूकडे बघायला वेळ मिळाला. त्या कादंबरीचं बळ तिच्या लेखणीत आहे तसंच त्या मधल्या दिवसांतही असलं पाहिजे. नियतकालिकांनी भागाच्या तळाशी छापायला शब्द निवडला क्रमशः. क्रम म्हणजे पाऊल. क्रमशः म्हणजे पावलापावलानं. चांगला, नेमका शब्द आहे. अंकाच्या शेवटी तो दिसला की पुढच्या अंकाची ओढ लागे, आणि त्या ओढीवर मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या.

आता मालिकेचे सगळे भाग एका रात्रीत पुढ्यात येतात. एक संपण्याआधी दुसरा सुरू होतो. मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. सगळं मिळतं, आणि त्यातलं फार थोडं आपल्याजवळ राहतं. न थांबता ऐकलेल्या गोष्टीत आपली स्वतःची भर पडत नाही. डोहाकाठी रात्र काढल्याशिवाय कृष्ण वर येण्याचा आनंद कळत नाही.

म्हणून मला वाटतं, क्रमशः बरोबर आपण आश्वासही वापरात आणावा. क्रमशः सांगतं की वाट अजून उरली आहे. आश्वास सांगतो की थांब, दम घे, मी पुढे नेणार आहे. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेच्या पूर्वजांनी, आपल्याच जिल्ह्यातल्या राजधानीशी जोडलेल्या काव्यात हा शब्द वागवला. तेलुगू-कन्नडांनी तो सांभाळला आणि आपण निवडणुकीच्या भाषणांना देऊन टाकला. नागपूरच्या एखाद्या रविवार पुरवणीनं कादंबरी भागाभागानं छापायला घ्यावी आणि माथ्यावर लिहावं: पहिला आश्वास. मग दुसऱ्या रविवारी न चुकता दुसरा छापावा. दिलेला शब्द पाळला जातो हे वाचकाला दर आठवड्याला पटत गेलं, तर आश्वासन या थकलेल्या शब्दालाही पुन्हा दम येईल.