आधी चिठ्ठी वाचा: रायपुरातला दोन कुत्र्यांचा शेजार

संध्याकाळी ऊन उतरलं की रायपूरच्या कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारा. शंकर नगर असो, समता कॉलनी असो, की महाराष्ट्र मंडळाची चौबे कॉलनी. एका फाटकाआडून भुंकणं सुरू होतं आणि समोरच्या फाटकाआडून लगेच उत्तर येतं. तात्यापारासारख्या जुन्या मराठी वस्तीत तर घराला घर लागून. तिथे दोन कुत्र्यांनी एकमेकांना टाळायचं म्हटलं तरी जागा कुठे आहे? मग कुत्री भुंकतात आणि माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. वर्षानुवर्षांचा शेजार एवढ्यावरून बिघडतो.

तुमच्याही घरी हेच चालू असेल, तर आधी बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावाची गोष्ट ऐका. छत्तीसगढीत कुत्र्याला ‘कुकुर’ म्हणतात, आणि खपरीत कुकुरदेवाचं जुनं देऊळ आहे. तिथे शिवलिंगासोबत कुत्र्याच्या मूर्तीचीही पूजा होते. दंतकथा अशी: एका बंजाऱ्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली आणि चोरीचा माल कुत्र्याने शोधून दिला. खूश होऊन सावकाराने त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधली आणि त्याला मालकाकडे परत पाठवलं. बंजाऱ्याला वाटलं, हा पळून आला. त्याने रागाच्या भरात कुत्र्याला मारून टाकलं. चिठ्ठी दिसली ती त्यानंतर. देऊळ त्या पश्चात्तापाचं आहे, असं लोक सांगतात.

प्रत्येक कुत्रा अशी चिठ्ठी घेऊनच फिरत असतो. ती त्याच्या अंगावर लिहिलेली असते. समोर दुसरा कुत्रा दिसताच तो ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान वळवतो, जमीन हुंगायला लागतो. याचा अर्थ, ‘मला अवघड वाटतंय.’ अंग ताठ झालं, नजर खिळली, तोंड घट्ट मिटलं, पाठीवरचे केस उभे राहिले, की प्रकरण पुढे गेलं असं समजा. भुंकणं त्यानंतर येतं. आपण मात्र भुंकल्यावरच जागे होतो आणि ओरडतो किंवा पट्टा खेचतो. कुत्रा त्यातून एवढंच शिकतो, की तो शेजारचा दिसला की आपल्याला त्रास होतो. उद्या तो आणखी लवकर भुंकतो.

फाटक हे तर भांडणाचं मूळच. पलीकडचा दिसतो, त्याचा वास येतो, पण जवळ जाऊन ओळख करून घेता येत नाही आणि दूरही जाता येत नाही. शिवाय हा भुंकला की पलीकडचा चालता होतो. मग याला वाटतं, आपणच हाकललं! म्हणून पहिलं काम सोपं आहे. फाटकाच्या जाळीला आतून हिरवं कापड किंवा पत्रा लावा, आणि कुत्र्याला तासन्‌तास फाटकाशी एकटं सोडू नका.

दुसरं काम अंतराचं. तुमचा मोती शेजारच्या टायगरला पाहतो, पण तरीही तुमच्या हातून खाऊ घेतो आणि हाकेला मान वळवतो, ते अंतर शोधा. ते दहा पावलं असेल, नाहीतर पन्नास. तिथे उभं राहा. टायगर दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा लहानसा तुकडा द्या. टायगर दिसेनासा झाला की खाऊ बंद. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. काही दिवसांनी टायगर दिसताच मोती तुमच्या तोंडाकडे पाहू लागेल. मग दोन पावलं पुढे सरका. मोतीने खाऊ नाकारला, तर तुम्ही फार जवळ आलात. मुकाट्याने मागे फिरा.

तिसरं काम म्हणजे सोबत चालणं. गल्लीत हे जमत नाही. त्यासाठी शेजाऱ्यांना घेऊन सकाळी नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांकडे जा. दोन्ही कुत्री एकाच दिशेने, मध्ये भरपूर जागा आणि माणसं आतल्या बाजूला. समोरासमोर आणू नका. कुत्र्यांच्या जगात नाकासमोर चालून येणं उद्धटपणाचं असतं. पट्टा साधा, पाच-सहा फुटांचा आणि सैल ठेवा. तो ताणला, की तुमची धास्ती थेट कुत्र्यापर्यंत पोचते.

रायपूरचा उन्हाळाही विसरू नका. नवतपात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेला, तहानलेला कुत्रा चटकन चिडतो. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. अशा दिवसांत पहाटेच बाहेर पडा.

एरवी शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान, दात किंवा सांधे दुखत असतील. रेबीजची लस दोन्ही घरच्या कुत्र्यांना वेळेवर हवीच. झुंज लागलीच, तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी फेका. कुणाला चावा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्रद्धा असेल तर कुकुरदेवाला नमस्कार करा, पण लस घेतल्यानंतर.

या दोघांची मैत्री झालीच पाहिजे असं नाही. एकमेकांसमोरून गुमान गेले, तरी खूप झालं. आणि यातलं कुठलंच काम एकट्याने होत नाही. फिरायच्या वेळा ठरवायला, सोबत चालायला शेजारी लागतोच. तेव्हा आज संध्याकाळी मोतीला घरात ठेवा आणि समोरच्या घरी चहाला जा. माणसांचं बोलणं आधी सुरू होऊ दे.