गुडघ्याची चाल

आपल्या भाषेने गुडघ्याला कधी मानाने वागवले नाही. शरण जायचे तर आपण गुडघे टेकतो, लग्नाला उतावीळ झालेला नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, आणि एखाद्याची अक्कल हरवली तर ती हमखास गुडघ्यात सापडते!

माझी तरी माझ्या गुडघ्याशी ओळख कुठे होती? ती जॉगिंगने करून दिली. पन्नाशी उलटली, रक्तात साखर दिसू लागली आणि मी पहाटे शिवाजी पार्कला धावू लागलो. चार आठवडे मोठ्या आनंदात गेले. एका फेरीत लागणारा दम दोन फेऱ्यांनीही लागेना. पाचव्या आठवड्यात जिना उतरताना उजव्या वाटीमागे कुणीतरी चिमटा काढल्यासारखे झाले. पुढे नाटकाला गेलो, तर दुसऱ्या अंकापर्यंत गुडघा असा ठणकू लागला, की नायिकेच्या दुःखापेक्षा मला माझेच दुःख मोठे वाटले.

शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला आणून दिला. कट्ट्यावरच्या मंडळींनी निकाल दिला, ‘धावून गुडघे झिजतात, साहेब. सोडा हे!’

खरे सांगायचे तर मला भीती दुखण्याची नव्हती. अण्णांच्या खुर्चीची होती. माझ्या वडिलांना गेली दहा वर्षे मांडी घालता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमची पंगत खाली पाटांवर बसते आणि अण्णा एकटे वर टेबलाशी. एकदा ते हसत म्हणाले होते, ‘अरे, इथून मला तुमची टाळकीच दिसतात, तोंडं नाहीत.’ आम्हीही हसलो होतो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघा तपासून माझी भीती घालवली. माफक धावण्याने निरोगी गुडघा झिजतो, हा समजच खरा नाही, त्या म्हणाल्या. मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वाटी वरखाली सरकते. मांडीचे आणि कमरेचे स्नायू दमले की भार तिच्यावर पडतो. दम काही आठवड्यांत वाढतो; स्नायू मागाहून येतात; हाडांना बांधणारे तंतू सर्वांच्या मागून. उपाय साधा होता: पाय सरळ उचलणे, भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखे उभे राहणे, आणि थोडे धावून थोडे चालणे.

जॉगिंगचा इतिहास वाचला, तर तोही हेच सांगणारा निघाला. 1962 साली अमेरिकेतले धावण्याचे प्रख्यात प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड यांच्याकडे गेले. तिथे सामान्य नागरिकांबरोबर धावताना पन्नाशीतल्या या गुरूची दमछाक झाली. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला एक गृहस्थ त्यांच्यासाठी मागे राहिला आणि गप्पा मारीत त्यांना सोबत करू लागला. पुढे 1967 साली बॉवरमननी एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिले आणि ते वेड अमेरिकाभर पसरले. मला मात्र तो मागे राहिलेला म्हाताराच या विद्येचा खरा आचार्य वाटतो. आपल्या वाऱ्या-जत्रांनाही हे ठाऊक आहे: घरातले सर्वांत थकलेले माणूस ज्या चालीने चालेल, ती साऱ्या घराची चाल.

आता मी एक मिनिट धावतो, दोन मिनिटे चालतो. चिमटा बराच सैल झाला आहे. संध्याकाळी अण्णा खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करतात, मी शेजारी तेच करतो, आणि आकडे मोजायचा मान त्यांचा. त्यांना पुन्हा मांडी घालता येईल, अशी आशा कुणी दाखवलेली नाही. पण जिन्याच्या चार पायऱ्या ते हल्ली कठडा न धरता उतरतात.

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाट मांडायचे नाहीत, असे ठरले आहे. शेजारून खुर्च्या मागवल्या आहेत. मला मांडी उत्तम घालता येते. तरीही मी वरच बसणार आहे.